परसातला विरोधी पक्ष

७ सप्टेंबर

ही वही भाचीने आणून दिली. म्हणाली, "मावशी, मनात साठतं ते लिही." मी म्हणाले, माझ्या मनात काही साठत नाही. आयुष्यभर सभा गाजवल्या त्या कशाच्या जोरावर? जे आलं ते तिथल्या तिथे बोलून मोकळी झाले.

पण आता बोलायला समोर कोणी नाही. ताई जुलैत गेली. माझी थोरली बहीण, भाचीची आई आणि माझी जन्माची विरोधक. आम्ही दोघी एका घरात म्हाताऱ्या झालो आणि एकाही गोष्टीवर आमचं एकमत झालं नाही. मी म्हणायचे, जग बदललं पाहिजे. ती म्हणायची, आधी जिन्यातला दिवा बदल.

ती गेल्यावर भाचीने मला "चार दिवस ये" म्हणून इथे आणलं. चार दिवसांचे दोन महिने होत आले. घराला कुलूप आहे. मला परत जायचं आहे.

काल डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. काटा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा काटा पाहिला. म्हणाल्या, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. तुम्ही जेवत का नाही?"

"भूक नाही."

"उपोषण करताय का?"

"उपोषणाला मागणी लागते, डॉक्टर. माझी काही मागणी नाही."

वाक्य चांगलं होतं. ताई असती तर म्हणाली असती, वाक्यं पुरे, घास घे. डॉक्टरीणबाईंनी नुसती पुढची तारीख लिहिली. तेरा ऑक्टोबरला पुन्हा बोलावलंय. तोवर वजन आणखी उतरलं तर थेट भरती.

भाची परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसली. हिच्या वयात माणसं फार हळवी असतात.

९ सप्टेंबर

भाचजावयाबद्दल आजवर लिहिलं नाही, कारण त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही तो करत नाही. लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लिफ्टच्या बोळकांडीत एकटा लोंबकळत असतो; बोलण्याची सवयच लागली नसावी. "चहा?" "हो." "पाऊस येईल?" "बघू." एवढ्यात त्याचा संसार चालतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव मौनीबाबा ठेवलंय.

तर या मौनीबाबाने आज परसात एक लोखंडी पिंप आडवं टाकून कापलं. त्याला बिजागऱ्या बसवल्या, एका टोकाला धुरांडं, दुसऱ्या टोकाला हवेसाठी सरकती झडप, झाकणात तापमापक. आत एका बाजूला निखारे, दुसऱ्या बाजूला जाळी. रविवारी फुटबॉलचा सामना असतो, तेव्हा शेजारीपाजारी यांच्या परसात जमतात, भिंतीवर पडदा लावतात. त्यांच्यासाठी धुरावरचे स्टार्टर करायचे म्हणे. मी खिडकीतून म्हणाले, "जावईबापू, चुलीतला धूर बायकांच्या डोळ्यांतून हटावा म्हणून आम्ही मोर्चे काढले. आणि तुम्ही तो हौसेने परत आणताय?"

"हो," तो म्हणाला.

अशा माणसाशी वाद कसा घालायचा? भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत तरी येतो.

१० सप्टेंबर

आज त्याने माझ्यासमोर बशी धरली. बशीत एक बदाम. एकच.

"मावशी, चाखता का?"

"भूक नाही."

"भुकेसाठी नाही. मला चव कळत नाही." मग तो एवढं बोलला, जेवढं मी त्याला दोन महिन्यांत बोलताना ऐकलं नव्हतं. धुरापाशी जो उभा असतो त्याचं नाक आणि जीभ दोन्ही मरतात. कपड्यांत धूर, केसांत धूर. त्याला सगळंच धुराचं लागतं किंवा कशालाच धूर लागत नाही. म्हणून चाखणारं माणूस वेगळं लागतं, जे धुरापासून लांब बसलंय. भाचीला धुराने शिंका येतात. "तुम्ही खिडकीत बसता. लांब."

हे मला पटलं. वक्त्यालाही आपलं भाषण ऐकू येत नाही. टाळ्या ऐकू येतात, भाषण नाही. म्हणून तर मला ताई लागायची. सभेहून आले की ताटावर बसल्या बसल्या ती भाषणाच्या चिंध्या करायची.

मी बदाम खाल्ला. एक तत्त्व म्हणून. बाहेरून खमंग, किंचित मीठ, धूर आधी जाणवत नाही. गिळल्यावर मागून येतो, जसं एखादं चांगलं वाक्य सभागृहाबाहेर पडल्यावर आठवावं. मी त्याला सांगितलं, मीठ कमी आहे. त्याने मान डोलावली आणि गेला. विरोध नाही, समर्थन नाही. रात्री जेवले नाही, इच्छा नव्हती.

१४ सप्टेंबर, रविवार

सामना. परसात वीसेक माणसं. त्यात शेजारचा गॅरेजवाला; त्याला सगळे भोंगा म्हणतात आणि तो ते नाव रोज सार्थ करतो. गोल झाला तर ओरडतो, हुकला तर त्याहून मोठ्याने ओरडतो.

मी खिडकीत होते. मला खेळ कळत नाही, पण माणसांचं खाणं मी पहिल्यांदा नीट पाहिलं. टेबल नाही, खुर्ची नाही, कोणी कोणाला वाढत नाही, "आणखी घ्या ना" म्हणून कोणी मागे लागत नाही. चालता बोलता हात पुढे येतो, एक मशरूम उचलतो, तोंडात. कोणी किती खाल्लं याचा हिशेब ठेवणारं कोणी नाही. खाण्यातली एवढी लोकशाही मी कुठे पाहिली नव्हती.

मौनीबाबाचं कामही बघण्यासारखं होतं. मशरूमचे देठ काढून, खळग्यात चीज आणि बारीक चिरून परतलेला कांदा भरून, निखाऱ्यांपासून लांब मांडून ठेवले. झाकण लावलं आणि मग पाऊण तास त्याने झाकणाला हात लावला नाही. भोंगा तीनदा येऊन म्हणाला, "अरे उघडून बघ तरी, आत मेले की काय?" मौनीबाबा म्हणाला, "बघितलं की उशीर होतो." झाकण उघडलं की उष्णता पळते, धूर पळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी किती चळवळी पाहिल्यात ज्या दर आठवड्याला झाकण उघडून बघितल्यामुळे कच्च्या राहिल्या!

धुरांड्यातून येणारा धूरही मी पाहत होते. दाट पांढरा नव्हे. पातळ, निळसर, असून नसल्यासारखा. त्याने नंतर सांगितलं, तसाच हवा.

माझ्यासाठी बशीत एक मशरूम आला. अर्धा खाल्ला. पोटात गेला तेवढा पुरे.

१७ सप्टेंबर

भाची आज आमच्या घरून आणलेले ताईचे कपडे आवरत होती. मौनीबाबा मोरीत जाळी घासत होता. कपडे आवरता आवरता भाची हसायला लागली. म्हणाली, "मावशी, तुला आठवतं? तुम्ही दोघी एकदा जेवताना मतदानावरून भांडलात. तू म्हणत होतीस सक्तीचं करा, आई म्हणत होती मुळीच नको. भांडता भांडता अख्खं पातेलं संपलं आणि मला काही उरलंच नाही!"

"संपलं नव्हतं. ताईने खाल्लं असेल."

"आई कसली खातेय? ती नुसती 'मला नाही पटत' म्हणायची आणि चमच्याने वाढत राहायची."

मौनीबाबाने घासणं थांबवलं. "काय म्हणायच्या?"

"'मला नाही पटत.' दर घासाला."

"आणि पातेलं संपायचं?"

"संपायचं."

सासूची आठवण त्याच्याही मनाला लागली असावी. बराच वेळ जाळी हातात धरून तो तसाच उभा होता. वरून कोरडा दिसतो, पण आत माया आहे. लिहून ठेवते, कारण मी त्याला दगड समजत होते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज नवल घडलं. मौनीबाबाने विरोध केला!

त्याने उकडलेली अंडी सोलून धुरावर ठेवली होती. बाहेर काढली तेव्हा रंग जुन्या हस्तिदंतासारखा. अर्धी कापून, वर जाडं मीठ. बशी घेऊन खिडकीत आला. मी एक तुकडा चाखून म्हणाले, "धूर कमी पडला."

तो उभाच राहिला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. लहान मुलगा पाठांतराला उभा राहतो तसा. मग म्हणाला, "मला नाही पटत."

"काय?"

"जास्त आहे. धूर."

"जास्त? तुम्हाला चव कळत नाही असं तुम्हीच म्हणालात!"

"तरी नाही पटत."

हा कसला तर्क? मी दुसरा तुकडा घेतला, सावकाश चावला, धूर नेमका कुठे कमी पडतो ते त्याला दाखवून दिलं: पांढऱ्यात बरा आहे, पिवळ्यापर्यंत पोचतच नाही. तो म्हणाला, "पोचतो." मी तिसरा घेतला. म्हटलं, दाखवा कुठे पोचतो! तो म्हणाला, "दुसऱ्या अंड्यात पोचला असेल." तेव्हा दुसरं बघावंच लागलं.

शेवटी त्याला मान्य करावं लागलं. मान्य करताना तो हसत होता. पराभव एवढ्या आनंदाने स्वीकारणारा माणूस मी राजकारणातही पाहिला नाही.

आत वळले तर भाची दाराआड उभी. कांदा चिरत होती म्हणे. दाराआड?

२४ सप्टेंबर

माणूस घडतोय. माझ्या सहवासाने घडतोय असं म्हणायला हरकत नाही.

आता तो रोज संध्याकाळी एक मत घेऊन येतो. मतं कच्ची आहेत, मांडणी त्याहून कच्ची, पण धिटाई आलीय. सोमवारी म्हणाला, वाचनालयं बंद केली तरी चालतील. काल म्हणाला, वाचन माणसाला भांडखोर करतं. मी विचारलं, "हे कुठून काढलंत?" तर म्हणाला, "लिफ्टमध्ये सुचलं." आज म्हणाला, सगळ्यांनी फार वाचलं पाहिजे, नाहीतर माणूस भांडायचा कसा? म्हटलं, परवापासून आत्तापर्यंत तुम्ही दोन्ही बाजू घेऊन झाल्या! तो गोंधळला, खिशातून चिठोरी काढून बघितली, आणि म्हणाला, "तेही नाही पटत."

हसू नकोस असं मी स्वतःलाच बजावलं. बोलायला शिकणाऱ्याला हसू नये.

एक विचित्र गोष्ट. वाचनावर बोलताना माझ्यासमोर बदाम-शेंगदाण्यांची वाटी होती. अर्ध्या तासाने बघते तर रिकामी. भोंग्याचं मांजर खिडकीत येतं, त्यानेच खाल्ले असणार. मांजर बदाम खातं हे मला नवीन होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं लिहायला हात उचलत नाही. पण जे घडलं ते लिहायचं असा माझा नियम आहे.

सामन्याआधी कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून मौनीबाबाला बोलावणं आलं. जाळीवर मिरच्या होत्या; लांबट, पोपटी, पोटात मऊ चीज भरलेल्या. जाताना म्हणाला, "मावशी, लक्ष ठेवता? काही करू नका. नुसतं बघा."

नुसतं बघा! मी आयुष्यात कुठे नुसतं बघितलंय? धुरांड्यातून तोच तो पातळ निळा धूर, दिसेल न दिसेल असा. मला वाटलं, विझत चाललंय. मला अर्धवटपणाची पहिल्यापासून चीड आहे. मी झाकण उघडलं, लाकडाचे चांगले पाच-सहा तुकडे निखाऱ्यांवर टाकले आणि झडप लावून टाकली, म्हणजे धूर आतच कोंडेल. काय धूर निघाला! पांढरा, लोंढ्याने, कुंपण ओलांडून भोंग्याच्या घरात. भोंगा धावत आला. "मावशी, आग लागली का?" मी अभिमानाने म्हणाले, "नाही. आत्ता खरं काम सुरू झालं."

लोक आले, खेळ सुरू झाला, मिरच्या वाटल्या. भोंग्याने एक तोंडात टाकली. त्याचा चेहरा बदलला. तो पहिल्यांदाच काही ओरडला नाही. "छान आहे, मावशी," म्हणाला आणि उरलेली खिशात घातली. मी पाहिलं.

मौनीबाबा आला. त्याने धुरांडं बघितलं, झडप बघितली, मिरची खाल्ली. मला वाटलं आता म्हणेल, असू द्या, होतं असं. सगळे मला तसंच म्हणतात हल्ली. जणू मी काचेची आहे.

तो म्हणाला, "कडू झालंय. काजळीसारखं. फेकावं लागेल."

एवढ्या माणसांत खरं बोलणारा एकच निघाला, आणि तोही कोण? मला त्याचा आदर वाटला आणि त्याच क्षणी संतापही आला. "फेकायचं नाही! अन्न आहे!"

"फेकणार."

"माझी चूक आहे, मी निस्तरेन!"

"निस्तरता येत नाही. कडू ते कडू."

"अरे मूर्खा, वरची साल काढली तर आतलं चीज ठीक आहे, बघ तरी!"

तोंडातून निघून गेलं. एका जावयाला, ज्याच्या घरात मी राहते, चारचौघांत मूर्ख म्हटलं. तो मात्र खाली बसला आणि एकेका मिरचीची साल काढू लागला. मीही बसले. आतलं चीज खरंच ठीक होतं. तो म्हणत राहिला की नाही, मी म्हणत राहिले की आहे, आणि मिरच्या संपल्या.

ताईनंतर मी कुणाला मूर्ख म्हटलं नव्हतं. ते फार जवळच्या माणसाला म्हणायचं असतं, आणि तो परका आहे, मानाचा आहे. झोप लागणार नाही.

२९ सप्टेंबर

सकाळी रीतसर माफी मागितली. हात जोडून. "जावईबापू, काल माझा तोल गेला. यापुढे या घरात माझ्याकडून वाद होणार नाही."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल.

"वाद चालतो मला," तो म्हणाला.

"तो तुमचा मोठेपणा," मी म्हणाले.

३ ऑक्टोबर

शब्द पाळतेय. सोपं नाही. परवा तो म्हणाला, भाषणांनी जगात आजवर काही बदललेलं नाही. मी म्हणाले, "असेल." काल म्हणाला, बायकांनी सभेत बोलू नये. बोलताना लाजेने त्याचे कान लाल झाले होते, तरी रेटून बोलला. मी म्हणाले, "तुमचं मत." आज म्हणाला, बदाम धुरावर ठेवूच नयेत. मी म्हणाले, "तुमचं बरोबर," आणि वाटी बाजूला सारली.

भाची ताटलीवर ताटल्या आपटत होती. तिला काय झालंय कळत नाही. घरात एवढी शांतता आहे, तर खूश व्हायला हवं.

काही खावंसं वाटत नाही. अपमान तेवढे गिळले.

७ ऑक्टोबर

आज जिना चढताना थांबावं लागलं. दोनदा. मौनीबाबा मागे होता. त्याने हात पुढे केला नाही, फक्त एक पायरी खाली उभा राहिला. मी पडले तर आधी त्याच्यावर पडेन अशा बेताने. बाकी काही बोलला नाही. या माणसाचं न बोलणंही नीट बघायला शिकलं पाहिजे.

त्याने चीजच्या वड्या थंड धुरावर धरल्या. खाली निखारे नाहीत. भुश्याची एक बारीक ओळ, उदबत्तीसारखी धुमसत जाते. मग कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. लगेच खाल्लं तर तिखट धूर लागतो. काही दिवस तसंच ठेवलं की धूर आत मुरतो, गोड होतो. मी विचारलं, "कळतं कसं मुरला ते?" म्हणाला, "कळत नाही. थांबायचं." तो फ्रिजचं दार उघडं धरून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं काही विचारेल. त्याने दार लावलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

अंतिम सामना. उद्या डॉक्टरीणबाई.

मला अंथरुणातून उठायचं नव्हतं, पण भाचीने खुर्ची थेट परसात ठेवली. अंगावर शाल, पायांवर शाल. परसात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या थाळीत सगळं मांडलेलं: बदाम, अंडी, मशरूम, मिरच्या, चीजचे पातळ काप आणि कोंबडीच्या तंगड्या, त्या त्याने आदल्या दिवशीच पुसून फ्रिजमध्ये उघड्या ठेवल्या होत्या, म्हणजे साल कुरकुरीत होते. माझ्या हातात बशी दिली. मी ती मांडीवर ठेवली. तशीच.

आपला संघ हरला. मध्यंतरापर्यंतच दोन गोल चढले, आणि नंतर तर बघवेना. भोंगा कुंपणाला डोकं टेकून उभा राहिला. कोणी काही खाईना. मौनीबाबा पिंपापाशी होता. त्याने चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि पडद्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं पडदा काढतोय. तो बोलायला उभा राहिला होता! लोकांसमोर! त्याने खिशातली चिठोरी काढली, बघितली, पुन्हा ठेवली. पहिल्या सभेत मीही चिठोरी घेऊनच उभी राहिले होते.

म्हणाला, "एक सांगायचंय. मावशींबद्दल." सगळे वळले. "आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नेहमी म्हणायच्या. मावशीला भाषण येतं. चव येत नाही."

भोंग्याने कुंपणावरचं डोकं उचललं.

"खोटं!" मी म्हणाले.

"म्हणायच्या. अंडं आणि बटाटा यातला फरक कळत नाही म्हणायच्या."

"ताई? असं म्हणणार? तिने केलेल्या प्रत्येक पदार्थातली चूक मी काढून दाखवलीय!"

"अंदाजाने."

"अंदाजाने? अरे मूर्खा!" दिलेला शब्द गेला, शाल गेली, बशी हातात धरून मी उभी राहिले. "बांध माझे डोळे!"

भाचीने ओढणी बांधली. तिचे हात ओले होते. भोंगा आपोआप पंच झाला. माझ्याच बशीतला पहिला घास जिभेवर आला. "बदाम. या वेळी मीठ बरोबर आहे." मौनीबाबा म्हणाला, "नशीब." दुसरा. "मशरूम, कांदा जास्त परतलाय." "नाही परतला." "परतलाय, आण दुसरा!" दुसराही परतलेला होता. मग अंडं. मग मिरची, आणि मी म्हणाले, "निळा धूर. आता झालंय तसं." कोणीतरी टाळी वाजवली. मग तंगडी, सालीचा कुरकुरीत आवाज भोंग्यालाही ऐकू आला. प्रत्येक घासाला तो माणूस म्हणत होता, मला नाही पटत, आणि प्रत्येक घासाला मी त्याला पटवत होते. काय बोलले मी! चव म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय, जिभेला आधी कळतं आणि बुद्धीला मागाहून, हरलेल्या माणसाने आधी का खावं आणि मग रडावं. मौनीबाबा मध्येच म्हणायचा, "पुरावा?" आणि मी म्हणायचे, "वाढ!"

ओढणी सोडली तेव्हा बघते तर सगळे खात होते. भोंग्याच्या दोन्ही हातांत तंगड्या. तो ओरडला, "मावशी जिंकल्या! या वर्षी आपल्याकडून कोणीतरी जिंकलं!"

मी मौनीबाबाला बाजूला घेतलं. "ताई खरंच असं म्हणाली?"

"नाही."

"मग भर सभेत खोटं बोललास?"

तो माझ्या बशीकडे बघत होता. बशी रिकामी होती. मग त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, नीट, दोन्ही हातांनी, आणि पिंपाच्या मागे जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. भाषणानंतर होतं असं. सगळी ताकद जाते. पहिल्याच प्रयत्नात एवढी मोठी सभा खेचणं खायचं काम नाही. मी त्याला मनातून मानलं.

१४ ऑक्टोबर

काल काटा एक रेघ वर सरकला. एकच, पण वर. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा उतरायला सांगितलं, पुन्हा चढायला सांगितलं. "नळीची गरज नाही सध्या. कोणतं औषध घेतलंत?" भाची म्हणाली, "धूर आणि भांडण," आणि दोघी हसत सुटल्या. वैद्यकीय बाबतीत थट्टा मला आवडत नाही.

घरी परत जाण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवलाय. भाचीला म्हटलं, तुझ्या नवऱ्यात गुण आहे. धीर आहे, निर्भीडपणा आहे, आणि हरल्यावर चेहरा पडत नाही. पण तर्क कच्चा आहे, पुराव्याशिवाय बोलतो, मृत व्यक्तीच्या नावावर वाटेल ते खपवतो. त्याला असं अर्ध्यावर सोडून जाणं बरोबर नाही. किती दिवस लागतील सांगता येत नाही. भाचीने मला मिठी मारली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी!

आज पहाटेच जाग आली. आधी कशाने ते कळेना. पोटात काहीतरी ओढत होतं, लहानपणी शाळा सुटताना ओढायचं तसं. स्वैपाकघरात गेले. मौनीबाबा कामाला निघायच्या घाईत उभ्याउभ्या पाव शेकत होता. मी म्हणाले, "पाव अजून शेकायला हवा."

तो घाईत होता. "बरोबर आहे, मावशी," म्हणाला.

बरोबर आहे! एवढ्या मेहनतीवर पाणी! मी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "एवढ्यात हार मानतोस? खाली बस. नीट विरोध कर. तोवर मी दोघांचं वाढते."